सदतीस नंबरची काच

संग्रहालयाची गाडी चार वाजता यायची होती. दोन वाजून गेले तरी दादा मागच्या डार्करूममधून बाहेर आले नव्हते.

सून दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा चहा घेऊन गेली, म्हणजे आत शिरायला निमित्त झालं.

डार्करूमचं आता नुसतं नाव उरलं होतं. काळा पडदा काढून टाकल्याला पंधरा वर्षं झाली होती. खिडकी सताड उघडी होती आणि दादा फोटोच्या निगेटिव्हची एकेक काच उजेडाकडे धरून बघत होते. चष्मा कपाळावर, काच डोळ्यांपासून वीतभर लांब. बघून झाली की ती कागदी पाकिटात सरकवायची, पाकीट लाकडी खोक्याच्या खाचेत ठेवायचं, पुढची काढायची. भिंतीला ओल आली होती. खालच्या खोक्यांतल्या काचांवरचा थर कडेने सुटायला लागला होता.

"बाबा, चहा."

"ठेव तिथे."

"नंबर तपासून झाले म्हणालात ना काल?"

"पुन्हा तपासतोय."

सून इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायची. अठरा वर्षं ती लोकांची हाडं उजेडाकडे धरून बघत आली होती. नंबर प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात काच कापायच्या हिरकणीने कोरलेला होता. दादा कोपऱ्याकडे बघतच नव्हते. ते मधोमध बघत होते.

"नंबर कोपऱ्यात असतो, बाबा."

"तुझी नजर फार वाईट आहे."

"त्याचाच पगार मिळतो मला. काय शोधताय?"

दादांनी काच पाकिटात घातली. दुसरी काढली नाही. स्टूल ओढून बसले आणि चहाचा कप हातात नुसता धरून ठेवला.

"तिचं तोंड," ते म्हणाले.

सासूबाई जाऊन तीन महिने झाले होते. बाहेरच्या खोलीत भिंतीवर त्यांचा फोटो होता, तो ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. त्यात त्या पोलीस ठाण्यात बसवल्यासारख्या दिसत होत्या. बाकी मोबाइलमध्ये होते, शेवटच्या सहा-सात वर्षांतले. त्यातल्या निम्म्यांत त्यांनी तोंडापुढे हात धरला होता. त्याआधीचं काहीच नव्हतं. घर पोस्टकार्डवाल्यांचं. चार खोल्या भरून फोटो. आणि घरातल्या बाईचा एक फोटो नाही.

"लग्नाचे तरी?" सुनेने विचारलं.

"खोक्याला फट होती. उजेड शिरला. सगळ्या प्लेटा काळ्या. फोटोवाल्याच्या घरचं लग्न!" दादा हसल्यासारखे झाले. "मग त्या हिवाळ्यात वाळवंटात गेलो. अप्पा, मी आणि ती."

ते सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांनी, म्हणजे दादांच्या वडिलांनी, तीन हिवाळे सरहद्दीकडचा मुलूख धुंडाळून पोस्टकार्डांसाठी चौसष्ट फोटो काढले. हॉटेलांत, स्टेशनांवर ती कार्डं वर्षानुवर्षं विकली गेली. वाळूत अर्धी बुडालेली वेस. जकातीची पडकी चौकी. मिठाचं तळं. जिथे रूळ संपतात ते शेवटचं स्टेशन. ज्या गावांतून व्यापारी तांडे कधीच निघून गेले आणि मागे फक्त भिंती आणि शिपाई उरले, अशी गावं. प्रत्येक कार्डात एक माणूस असलाच पाहिजे, असा अप्पांचा दंडक होता. माणूस नसलं तर वाळवंट केवढं आहे ते कळत नाही, असं ते म्हणायचे. पण माणूस लांब हवं आणि पाठमोरं हवं. चेहरा आला की लोक गाव सोडून बाई बघत बसतात. पहिल्या अठरा कार्डांत आक्का उभी होती, दादांची बहीण. पुढे दादांचं लग्न झालं आणि एकोणीसपासून सासूबाई उभ्या राहिल्या. शाल तीच. "माझा चांगला फोटो पाठीचाच येतो," असं त्या स्वतःच म्हणायच्या.

"सदतीस नंबरला ती वळली," दादा म्हणाले.

"कशा काय?"

"मी हाक मारली. अप्पा ट्रककडे गेले होते. मी कापडाखाली. त्या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं, माहितीय ना? अख्खा हिवाळा मी बायकोला डोकं खाली, पाय वर असंच बघितलं. म्हटलं, एकदा तोंड तरी येऊ दे. हाक मारली, ती वळली, मी घेतला."

"मग?"

"मग काय. प्लेट डेव्हलप केली त्या रात्री तंबूत. लाल उजेडात. तोंड काळं आणि केस पांढरेफटक."

"निगेटिव्ह."

"तिने कधी बघितली नव्हती स्वतःची. म्हणाली, नीट बघून घ्या, म्हातारपणी अशीच दिसणार आहे." दादांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. "अप्पांनी बघितली आणि शिव्या घातल्या. प्लेट फुकट गेली म्हणून. छापलीच नाही. घरी आल्यावर मी तिला विचारलं, कुठे आहे गं ती? म्हणाली, घरातच आहे, कुठे जातेय. मग राहून गेलं."

"पन्नास वर्षं?"

"रोज समोर होती ना ती. प्लेट कशाला शोधायची?"

सुनेने खालचं खोकं ओढलं, पहिली काच काढली आणि खिडकीशी उभी राहिली.

"तुम्ही वरची बघा, मी खालची बघते. माझी पटापट होतील."

*

अण्णा आले ते हातात यादी घेऊनच. सोबत आक्का होती. तिला ते वाटेत घेऊन आले होते. बाहेरच्या मोठ्या टेबलावर पोस्टकार्डं आठ-आठच्या रांगांत मांडलेली होती. सातव्यांदा मोजल्यावरही पाचव्या रांगेत, पाचव्या जागी भोक होतंच.

अण्णा दादांचे धाकटे भाऊ. अप्पांच्या मागे छापखाना त्यांनी चालवला. कॅमेरा दादाचा, शाई माझी, असं ते म्हणायचे. गेल्या वर्षी छापखाना बंद केला आणि तेव्हापासून या काचांचं काय होणार, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. संग्रहालयाकडे सहा महिने खेटे घालून त्यांनी होकार मिळवला होता. पूर्ण मालिका असेल तर स्वतंत्र खोली, अप्पांच्या नावाची. अपुरी असेल तर तळघरात, बाकीच्या पसाऱ्यात.

"दादा कुठेय?"

"आहेत मागे," सून म्हणाली. तिच्या बोटांना काळं लागलं होतं.

"अजून? अगं, तासाभरात बाई येतील." अण्णा आतल्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच ओरडले, "दादा! सदतीस कुठे ठेवलीस?"

दादा बाहेर आले. हात झटकत खुर्चीत बसले.

"मी ठेवलेली नाही."

"नोंदवहीत अप्पांच्या अक्षरात आहे. सदतीस, वेशीचा आतला दरवाजा. म्हणजे काढली होती. छापायला माझ्याकडे कधी आली नाही. मग गेली कुठे? उडून?"

"तेच शोधतोय."

"तीन महिने शोधतोयस! मला काय कळत नाही? तुला द्यायच्याच नाहीत. सरळ सांग ना तसं. एक लपवून ठेवायची आणि सगळं घोडं अडवून धरायचं."

"अण्णा, चढू नकोस."

"चढू नको तर काय करू? तिकडे जाऊन बघ, ओल आलीय. आणखी दोन पावसाळे गेले तर नुसत्या काचा उरतील. अप्पांनी आयुष्य घातलं त्यात. तुला तिची आठवण म्हणून हव्यात, कबूल. वहिनी मलाही काही परकी नव्हती. आई गेल्यावर माझा डबा तिनेच भरला. पण तिची पाठ आहे रे त्यात, लांबून, मुंगीएवढी! त्यासाठी सगळं सडू देणार?"

बोलून झाल्यावर अण्णांना वाटलं, मुंगी म्हणायला नको होतं. पण आता ते मागे कसं घ्यायचं, तेही कळेना. त्यांनी आक्काकडे बघितलं.

"अण्णा बरोबर बोलतोय," आक्का म्हणाली. "जाऊ देत त्या. घर मोकळं होईल. नसली एक तर नसली. बाईंना सांगायचं, फुटली."

"फुटली कशाला सांगायचं?" दादा म्हणाले. "फुटलेली नाही."

"तुला काय माहीत फुटली नाही ते?"

"ती म्हणाली होती घरातच आहे."

आक्का टेबलावरची कार्डं उगाच सारखी करत राहिली. सून तिच्याकडे बघत होती. अण्णांची बाजू घ्यायला आलेली आक्का एका उत्तरावर गप्प झाली, हे तिच्या लक्षात आलं.

*

संग्रहालयाच्या बाई वेळेआधीच आल्या. पस्तिशीच्या असतील. पांढरे सुती हातमोजे घालूनच बसल्या आणि यादी वाचायला लागल्या. प्रत्येक नंबरपुढे चार रकाने होते. स्थळ, आकार, स्थिती, वर्णन. वर्णनात दरवेळी शेवटी तेच येत होतं: "दूरवर अनोळखी स्थानिक स्त्री, पाठमोरी."

"मी यावर थोडं लिहिलंही आहे," बाई जरा लाजत म्हणाल्या. "वेशभूषेवर. कारण बघा ना, तिन्ही वर्षं, दोनशे कोसांच्या टापूत, प्रत्येक गावात बायका हीच शाल घेतात. गडद, काठाला दुहेरी पट्टा. म्हणजे त्या काळी सगळ्या सरहद्दीत ही एकच पद्धत..."

अण्णांना ठसका लागला. सुनेने तोंड फिरवलं.

"बाई," दादा म्हणाले, "ती शाल आतल्या पलंगावर आहे. दाखवू?"

बाईंना आधी कळलंच नाही. मग अण्णांनी सांगितलं. बाईंचा चेहरा लाल झाला आणि मग त्याच हसायला लागल्या. "अहो, माझा छापून आलाय तो लेख!" त्या म्हणाल्या. त्यावर दादासुद्धा हसले. तीन महिन्यांत या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. सगळ्यांनाच थोडं दमल्यासारखं झालं.

आक्का हसली नाही.

शाल तिची होती. दोन हिवाळे ती वाऱ्यात उभी राहिली होती, पापण्यांत वाळू जायची तरी मान हलवली नव्हती. अप्पा म्हणायचे, माझी मुलगी खांबासारखी उभी राहते. तिला ते फार आवडायचं. तिसऱ्या हिवाळ्याला अप्पा म्हणाले, आता सून येईल, तू घर सांभाळ. आणि शाल तिच्याकडूनच देववली. चार महिन्यांनी ट्रक परत आला, तेव्हा अप्पा सदतीस नंबरवरून धुसफुसत होते. आक्काने स्वयंपाकघरात वहिनीला गाठलं. काय बोलली ते तिला आजही शब्दशः आठवत होतं. "आम्ही दोन हिवाळे पाठ दिली, कधी मान वळवली नाही. तू आल्या आल्या तोंड दाखवलंस."

वहिनी खाली बघून भांडी लावत राहिली.

"कोणती कोण हे ओळखता येईल का?" बाई विचारत होत्या. "म्हणजे तुमची बहीण आणि तुमची पत्नी?"

"मागून?" अण्णा म्हणाले. "शक्यच नाही. मी चाळीस वर्षं छापलीत, मला नाही येत."

"सोपं आहे," दादा म्हणाले. त्यांनी दोन कार्डं उचलून शेजारी ठेवली. "ही आक्का. दोन्ही पायांवर सारखी उभी. अगदी सरळ. ही कधी हलली नाही. हिच्या सगळ्या प्लेटा स्वच्छ. आणि ही आमची. सगळा भार एका पायावर. तिला उभं राहायचा कंटाळा."

आक्काला आता बसवेना.

"दादा," ती म्हणाली. "उठ. स्वयंपाकघरात चल."

"काय झालं?"

"येताना पेचकस आण."

*

स्वयंपाकघरातलं कपाट दोन दारांचं, प्रत्येक दाराला चार काचा. अप्पांच्या काळात बिघडलेली प्लेट कुणी टाकत नव्हतं. गरम पाण्यात सोडा घालून त्यात प्लेट ठेवायची, वरचा थर दुधाच्या सायीसारखा सुटून यायचा आणि खाली साधी काच उरायची. घरातल्या खिडक्या, कंदील, फोटोंच्या चौकटी, सगळीकडे त्याच काचा होत्या. दादांना हे माहीत होतं. स्वतःच्या हाताने त्यांनी शेकडो धुतल्या होत्या.

"उजव्या दाराची. वरून दुसरी," आक्का म्हणाली. "पट्टी काढ."

सुनेने दादांच्या हातातून पेचकस घेतला. लाकडाची पट्टी जुन्या रंगाने चिकटली होती. ती सुटली तशी तिने काच हळूच बाहेर ओढली. इतकी वर्षं पट्टीखाली झाकलेल्या कोपऱ्यात बारीक ओरखडा होता. तीन आणि सात.

बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी हातमोजे काढले.

"तिने स्वतः धुतली," आक्का म्हणाली. "मी बोलले होते तिला. टाकून बोलले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत आले तर ही परातीत हात घालून उभी. म्हटलं, हे काय करतेस? म्हणाली, साखरेत मुंग्या येतात, काच पाहिजे होती. मी थांबवू शकले असते. नाही थांबवलं. मला तेव्हा बरं वाटलं, दादा." तिने पदर डोळ्यांना लावला नाही, नुसती उभी राहिली, सरळ, दोन्ही पायांवर. "मला वाटलं, काचा गेल्या की तू शोधायचं थांबशील."

दादांनी काच घेतली. सकाळपासून जशा धरल्या तशीच तीही खिडकीकडे धरली. पलीकडे अंगणाची भिंत दिसली आणि गाडीचं छत.

"तू बघ," त्यांनी सुनेला सांगितलं. "तुझी नजर चांगली."

सुनेने काच तिरपी धरली, उजेडात फिरवली, मागे गडद कापड धरून बघितलं, श्वासाची वाफ सोडून बघितली. ती रोज लोकांना सांगते तसंच तिने खरं सांगितलं.

"काही नाही, बाबा. साफ आहे."

"साफच असणार. तिचं काम तसंच."

"तिने मला सांगितलं का नाही रे?" अण्णा म्हणाले. म्हणजे कुणाला विचारत होते, देव जाणे. "छापायला द्यायची ना एकदा. एक प्रत काढून ठेवली असती."

सून उघड्या चौकटीकडे बघत होती. तिथून आतला साखरेचा काळा डबा दिसत होता.

"बाहेर जाताना आई इथेच थांबायच्या," ती म्हणाली. "याच काचेत बघून केस सारखे करायच्या. मी म्हणायचे, आत आरसा आहे ना एवढा मोठा. म्हणायच्या, इथे बरी दिसते."

दादांनी मान हलवली. त्यांनीही ते रोज बघितलं होतं. पाठीमागून, चपला घालून दारात ताटकळत, "चल गं, उशीर होतोय" म्हणत.

"दादा, बोल काहीतरी," आक्का म्हणाली. "शिव्या घाल."

"काय बोलू? तू बोललीस, अप्पा बोलले, हाक मी मारली. कुणाकुणाचं काढायचं आता?" ते स्टुलावर बसले. "मला दम नाही आक्का. चहा टाक. सकाळपासून एक घोट घेतला नाही मी."

आक्काने गॅस पेटवला. तिला पातेलं सापडेना. सुनेने हातात दिलं.

बाई जपून म्हणाल्या, "ही काच मालिकेतली आहे. रिकामी असली तरी नंबर आहे. ही दिलीत तर चौसष्ट पूर्ण होतात. स्वतंत्र खोलीचा प्रश्न सुटेल."

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. सहा महिने ते याच एका वाक्याची वाट बघत होते.

"नाही, बाई," अण्णा म्हणाले. "ती नाही मिळणार. तळघरात ठेवायच्या तर ठेवा. कोरडं आहे ना तुमचं तळघर?"

"कोरडं आहे."

"मग झालं तर."

सुनेने काच पुसली, चौकटीत बसवली आणि पट्टी ठोकली. दार लावून बघितलं.

दादा बाहेरच्या टेबलाशी येऊन बसले. यादी पुढे ओढली, चष्मा लावला आणि वर्णनाचा रकाना खोडायला सुरुवात केली. पहिल्या अठरा ओळींत "अनोळखी स्थानिक स्त्री" खोडून त्यांनी "माझी बहीण" लिहिलं. एकोणिसाव्या ओळीत "माझी बायको" लिहिलं. मग विसाव्या ओळीत लिहिलं. मग एकविसाव्या.

"सगळीकडे नाही लिहिलं तरी चालेल," बाई म्हणाल्या. "खाली 'वरीलप्रमाणे' लिहा."

"वरीलप्रमाणे कसं? दरवेळी वेगळ्या जागी उभी होती ती."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. अण्णा उठून त्याला थांबायला सांगून आले. आक्काने चहा आणून ठेवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. दादांचं अक्षर सावकाश होतं. मिठाचं तळं, माझी बायको. जकातीची चौकी, माझी बायको. सदतीसपाशी त्यांनी पेन थांबवलं, एक घोट चहा घेतला. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, "माझी बायको, तोंड इकडे." आणि स्थितीच्या रकान्यात लिहिलं, "घरात वापरात आहे."

मग ते अडतिसाव्या ओळीवर गेले.